अठ्ठावीस झिंक

पहाटे ४.५०
डोंबिवलीत अजून उजाडलेलं नाही. तिने कुकर लावला, पोळ्या लाटल्या, डबा भरला. मग पिशवी भरली. खडूचा डबा, ताणकाटा, रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र, खड्ड्याची खोली मोजायचा गेज, दोन रिकाम्या बाटल्या, गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट. शेवटी तारेची एक चौकट, एक फूट बाय एक फूट. कपड्यांच्या हँगरची तार सरळ करून तिने ती घरीच बनवली आहे. जहाजाचा गंज संगणकावर मोजणारी बाई कामाला निघाली की पिशवीत हे असतं. आज दिवसभर मी तिच्याबरोबर आहे. नाव लिहू नका म्हणाली, म्हणून लिहीत नाही.

पहाटे ५.४०
लोकलमध्ये खिडकी मिळाली नाही, चौथी सीट मिळाली. ती पुण्यात सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयात धातुशास्त्र शिकली. आता ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये पाच माणसांच्या एका कंपनीत आहे. पगार महिना पंच्याहत्तर हजार, त्यातले बावीस घराच्या हप्त्यात जातात. जहाजाच्या पाण्याखालच्या अंगाला गंज कुठे चढणार, किती चढणार आणि तो अडवायला जस्त-ॲल्युमिनियमचे ठोकळे कुठे लावायचे, हे ती संगणकावर मांडते.

सकाळी ७.१०
सीएसएमटीहून टॅक्सी, एकतीस रुपये. गोदीच्या फाटकावर पास, हेल्मेट, पिशवीची तपासणी. तारेची चौकट बघून जवानाने विचारलं, हे काय? ती म्हणाली, "गंज मोजायचा असतो." त्याने चौकट परत पिशवीत ठेवली.

इंदिरा डॉकमधली ही ह्यूजेस सुकी गोदी १९१४ पासून चालू आहे. हजार फूट लांब, शंभर फूट रुंद. वरून बघितलं तर दगडी पायऱ्यांची एक प्रचंड विहीर. तळाशी ठोकळ्यांवर जहाज बसवलेलं. सत्तर मीटर लांबीचं, बॉम्बे हायच्या तेलफलाटांना डिझेल, पाणी, पाइप पोचवणारं. गेले दोन पावसाळे काम नव्हतं म्हणून ते धरमतरच्या खाडीत नांगरून पडलं होतं.

सकाळी ७.३०
खाली उतरलो. मे महिना. वर वारा होता, खाली नाही. भिंती रात्रभर तापलेल्याच राहिल्यात. पायाखाली शेवाळ, शिंपल्यांचा चुरा, लाल चिखल. माशांच्या बाजाराजवळून जाताना येतो तसा वास. डाव्या बाजूला पाण्याचा फवारा मारायचं काम चालू आहे, तिकडे जाता येत नाही. उजवी बाजू कालच धुऊन झाली.

मिस्त्री भेटले. वय अठ्ठावन्न, मूळ गाव अलिबागकडचं. बत्तीस वर्षं गोद्यांमध्ये काढलेली. ते तिला मॅडम म्हणतात, ती त्यांना काका.

"काका, पंख्यापासून सुरू करू या."

तिने जहाजाचं अंग खडूने आठ पट्ट्यांत वाटलं. प्रत्येक पट्ट्यात दहा ठिकाणी तारेची चौकट टेकवायची. चौकटीच्या आत रंग किती गेलाय ते बघायचं आणि वहीत लिहायचं. हे काम वाकून, मान मागे टाकून, कधी उकिडवं बसून करावं लागतं, कारण जहाजाचा तळ गोदीच्या जमिनीपासून जेमतेम पाच फुटांवर आहे. मध्यभागात रंग दोन टक्के गेलेला. पिछाडीला, पंख्यांच्या आसपास, सहा टक्के. एका वेल्डच्या रेषेवर तिने गेजची सुई खड्ड्यात सोडली. १.८ मिलिमीटर. तिने त्याभोवती खडूने गोल काढला. पुढचा खड्डा १.५. पुन्हा गोल. अर्ध्या तासात पिछाडीचं अंग देवी आलेल्या माणसासारखं दिसायला लागलं.

जहाज ढकलणारे पंखे काशाच्या जातीचे, म्हणजे तांबं, निकेल आणि ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे. समुद्राच्या पाण्यात पोलाद आणि हा पंखा जवळजवळ असले की दोघांची मिळून एक बॅटरी होते, आणि त्या बॅटरीत झिजायचं काम पोलादाकडे येतं. म्हणून जवळ त्याहूनही लवकर झिजणारा धातू लावायचा. तो झिजेल, पोलाद वाचेल. हेच ते ठोकळे. शास्त्राच्या भाषेत ॲनोड. गोदीत सगळे त्याला झिंकच म्हणतात, ॲल्युमिनियमचा असला तरी.

सकाळी ९.१५
चहा. कटिंग पंधरा रुपये, वडापाव वीस. गोदीच्या काठावर रंगारी बसलेत. रोज आठशे. फवारा मारणाऱ्याला हजार, कारण त्याचे हात संध्याकाळपर्यंत थरथरत राहतात. त्यातल्या एकाने तळवा उघडून दाखवला. बोटांची टोकं पांढरी, सुरकुतलेली. "रात्री भात कालवताना कळत नाही गरम आहे का," म्हणाला. त्याचं वय चोवीस.

सकाळी १०.००
गॅस कटरवाल्याने उजव्या बाजूचे जुने झिंक कापून काढलेत. एका बाजूला चौदा, दोन्ही मिळून अठ्ठावीस. ती एकेक उचलून ताणकाट्याला लावते. मिस्त्री काटा धरतात, ती वाचते, मी वहीत लिहितो.

नवा असताना धातू दहा किलो. मधोमध पोलादी पट्टी, तिचं वजन वजा करायचं. मध्यभागातले ठोकळे सरासरी ५.४ किलो उरलेत. पिछाडीचे २.४. हातात घेतला तर साबणाची वडी झिजून मध्ये खोलगट व्हावी तसा, पांढऱ्या पुटाने भरलेला, कडा भुसभुशीत. नखाने पूट निघतं. खाली करडा, खरबरीत धातू.

मग पिछाडीचाच एक ठोकळा आला, तो अगदी नवाकोरा. कडा धारदार. वजन दहा किलो. त्याच्यावर लाल रंग होता.

मिस्त्रींनी तो हातात घेतला आणि काही वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "मागच्या गोदीत रंगवला कोणीतरी. झिंकावर रंग चढला की तो मेला. अडीच वर्षं नुसता चिकटून होता."

कोणत्या गोदीत, कोणाच्या हातून, ते आता कोण सांगणार. रोज आठशेवर काम करणाऱ्या माणसाला झिंक रंगवायचा नसतो हे कोणी सांगितलंच नसेल, तर दोष त्याचा नाही. तिने वहीत त्या ठोकळ्याच्या जागेपुढे फुली मारली.

सकाळी ११.२०
जहाजमालकाचे सुपरिंटेंडेंट आले. घाईत. गोदीचं भाडं दिवसावर चालतं आणि शनिवारी पहाटेच्या भरतीला जहाज बाहेर काढायचंय. त्यांचा प्रश्न सरळ होता. "मॅडम, गेल्या वेळेएवढेच अठ्ठावीस लावतो. चालेल ना? की कमी करू?"

"किती ते आत्ता सांगते," ती म्हणाली. "कुठे, ते संध्याकाळी."

तिने वही गुडघ्यावर ठेवली आणि तिथल्या तिथे हिशेब मांडला. पाण्याखालचं क्षेत्रफळ १४०० चौरस मीटर. दर चौरस मीटरला सरासरी १५ मिलिअँपिअर धरले तर २१ अँपिअर. पुढची गोदी अडीच वर्षांनी, म्हणजे २१,९०० तास. गुणाकार ४,५९,९०० अँपिअर-तास. या जातीचा ॲल्युमिनियम किलोला २००० अँपिअर-तास देतो. म्हणजे २३० किलो. ठोकळा पूर्ण वापरता येत नाही, पंच्याऐंशी टक्के धरला तर २७० किलो. दहा-दहा किलोचे सत्तावीस. दोन्ही बाजूंना सारखे हवेत, म्हणून अठ्ठावीस.

शुद्ध जस्ताचेच लावले असते तर? जस्त किलोला ७८० अँपिअर-तासच देतं. सातशे किलोच्या आसपास धातू लागला असता. सुपरिंटेंडेंटनी मान हलवली आणि फोन कानाला लावला.

हे गणित कोणालाही पाटीवर करता येतं. अठ्ठावीस ठोकळे सारख्या अंतरावर लावले तर प्रत्येकाची वीज कुठपर्यंत पोचेल, हे मात्र त्यातून निघत नाही.

दुपारी १.१०
परत निघताना तिने एका बाटलीत गोदीबाहेरचं समुद्राचं पाणी भरून घेतलं होतं. ठाण्याला उतरून शेअर रिक्षा, वीस रुपये. ऑफिस दुसऱ्या मजल्यावर. खाली छापखाना, वर आम्ही. बूट बाहेर, डबा टेबलावर. भेंडी, दोन पोळ्या, लोणचं. जेवताना तिने बाटलीत मीटरची कांडी बुडवली. ५४ मिलिसीमेन्स. खारट, विजेला सहज वाट देणारं पाणी. कपाटात दुसरी बाटली आहे, गेल्या जुलैत धरमतरला जाऊन तिने स्वतः भरून आणलेली. तिच्यावर चिठ्ठी, ९. आंबा नदीचं पावसाळी पाणी खाडीत उतरतं आणि मीठ पातळ होतं. विजेची वाट तेव्हा सहापट अवघड असते.

दुपारी १.५०
आता स्क्रीन. जहाजाच्या अंगावर जाळी टाकायची. तिने पोलादी आवरणाचे, पंख्यांचे, सुकाणूंचे मिळून सहा हजार छोटे तुकडे केले. पिछाडीला बारीक, मध्यभागी मोठे. भोवतीच्या समुद्राचे तुकडे करायचे नाहीत. फक्त पृष्ठभाग मांडला की पाण्यातलं विजेचं क्षेत्र गणिताने मिळतं. साउथॅम्प्टनचे कार्लोस ब्रेबिया यांनी १९७८ मध्ये या पद्धतीवर पुस्तक लिहिलं, तेव्हापासून ती बाउंडरी एलिमेंट या नावाने जगभर शिकवली जाते. तुकडे कमी लागतात, पण प्रत्येक तुकड्याचा बाकी सगळ्यांशी संबंध जोडावा लागतो. सहा हजार गुणिले सहा हजार, तीन कोटी साठ लाख आकडे.

संगणक नव्हते तेव्हा हेच काम हौदात करत. अमेरिकेच्या नौदल संशोधन प्रयोगशाळेने युद्धनौकांची छोटी मॉडेल्स पाण्यात ठेवून मोजमापं घेतली आहेत. मॉडेल जितक्या पटीने लहान, तितक्याच पटीने पाण्याची वीजवाहकता कमी करायची, म्हणजे खरी नौका आणि मॉडेल सारखं वागतात. मला हे फार आवडलं. खारट पाणी मापाने पातळ करत बसलेली माणसं डोळ्यांपुढे आली.

दुपारी २.४०
प्रत्येक पट्ट्याला ती सकाळचा आकडा देते. मध्यभाग दोन टक्के उघडा, पिछाडी सहा. उघडं पोलाद विजेच्या कोणत्या दाबाला किती वीज खातं, त्याची वक्ररेषा लागते. ती पुस्तकातून घेता येते, पण हिने कोपऱ्यात प्लास्टिकच्या बादलीत समुद्राचं पाणी ठेवलंय. त्यात रंगवलेला, मुद्दाम ओरखडलेला पत्र्याचा तुकडा तीन आठवड्यांपासून बुडालेला आहे. तुकड्यावर चुनखडीसारखा पातळ पांढरा थर चढलाय. संरक्षण मिळालेल्या पोलादावर तो चढतो आणि विजेची भूक कमी करतो. "पुस्तकातलं पोलाद स्वच्छ असतं," ती म्हणाली. "आपलं असं असतं."

दुपारी ३.३०
पहिली फेरी चालू. संगणकाचा पंखा घरघरतोय. ती खुर्चीत मागे टेकली तेव्हा मी हम्फ्री डेव्हींचा विषय काढला. ब्रिटिश नौदलाच्या लाकडी जहाजांच्या बुडाला तांब्याचे पत्रे असत आणि ते झिजत. डेव्हींनी १८२४ मध्ये तांब्याला लोखंडाचे ठोकळे जोडून झीज थांबवून दाखवली. प्रयोगाचं पहिलं जहाज सॅमरँग. ते आपल्या कोचीनला बांधलेलं, १८२२ मध्ये पाण्यात उतरलेलं. तांबं वाचलं. पण झिजणाऱ्या तांब्याचं विष शिंपल्यांना दूर ठेवायचं, ते थांबलं. बुडाला शिंपले चढले, जहाजाचा वेग पडला.

ती म्हणाली, "झीज थांबली, आणि शिंपले चढले. त्यांनी एकच आकडा बघितला होता."

दुपारी ४.१०
उत्तर आलं. तिने आधी रंगीत चित्र उघडलंच नाही. आधी वही उघडली. गेल्या अडीच वर्षांत प्रत्येक ठोकळा किती झिजला असेल, ते मॉडेल सांगतं. मध्यभागातले ४.५ किलो. काट्याने सांगितलं होतं ४.६. छान. पिछाडीचे ५.२ किलो. काट्याने सांगितलं होतं ७.६.

ती बराच वेळ त्या दोन आकड्यांकडे बघत राहिली. पाण्याचा आकडा तपासला. पंख्याच्या दांड्याचा संपर्क तपासला. दांडा ब्रश आणि कड्याने जहाजाच्या अंगाला जोडलेला असतो, तिथला दाब पन्नास मिलिव्होल्टच्या आत हवा. जहाजाच्या नोंदवहीत तो नीट होता.

मग तिने फोन लावला. "काका, डावी बाजू धुऊन झाली का?"

"आत्ताच झाली."

"पिछाडीचे पाचही झिंक जरा खरवडून बघाल? मला वाटतं, तिकडेही रंग आहे."

संध्याकाळी ५.०५
फोटो आले. मिस्त्रींचा हात, हातात खरवडणी, मागे लाल ठोकळा आणि त्यावर चंदेरी चरा. एक नाही, तीन. पाचातले तीन रंगवलेले. खाली मेसेज, "तुमचं बरोबर निघालं मॅडम. माझी नजर चुकली."

म्हणजे पिछाडीच्या दहांपैकी चार मेलेले होते. दोन्ही पंख्यांची आणि सुकाणूंची भूक उरलेल्या सहांनी भागवली. तिने मॉडेलमधले ते चार ठोकळे बंद केले आणि पुन्हा फेरी लावली. उत्तर ७.३ किलो.

तेव्हा ती पहिल्यांदा हसली आणि चहा मागवला.

संध्याकाळी ६.१०
आता रंगीत चित्र. समुद्रात चांदीच्या इलेक्ट्रोडने मोजलं तर पोलाद उणे ८०० मिलिव्होल्टच्या खाली असावं. मग गंज थांबतो. उणे ११०० च्या पलीकडे गेलं तर हायड्रोजन सुटतो, रंग फुगून निघतो. त्या दोहोंच्या मध्ये राहायचं.

अठ्ठावीस नवे ठोकळे सारख्या अंतरावर लावून बघितले. मध्यभाग उणे ९६०, पिछाडी उणे ८३०. जेमतेम. तिने मध्यभागातले चार उचलले आणि पिछाडीला नेले. मध्यभाग उणे ९४०, पिछाडी उणे ८९०. एकही ठोकळा वाढला नाही, खर्च तोच.

संध्याकाळी ६.५०
मग तिने पाण्याचा आकडा बदलला. ५४ च्या जागी ९. खाडीतला जुलै.

चित्र माझ्यासमोर बदललं. प्रत्येक ठोकळ्याभोवती निळ्या रंगाचं छोटं कडं उरलं, बाकी सगळं लाल. पावसाळी रात्री रस्त्यावरच्या दिव्यांखाली उजेडाची थाळी पडते आणि दोन दिव्यांच्या मध्ये अंधार राहतो, तसं. पिछाडी उणे ७४०. जुन्या मांडणीने हीच उणे ६९० येते. १.८ मिलिमीटरचे खड्डे या लाल भागात, अगदी त्या वेल्डच्या रेषेवर येतात. सकाळी खडूने गोल काढलेली जागा.

म्हणून तिचा सल्ला: खाडीत ठेवणार असाल तर पिछाडीला वरून तारेने चार लांबट ठोकळे पाण्यात टांगा, वीस-वीस किलोचे, केबलने अंगाला जोडून. तेही मांडून बघितलं. उणे ८०५. ऐंशी किलो, किलोला साडेचारशे धरले तर छत्तीस हजार रुपये. उलट पिछाडीच्या दोन प्लेटा कापून नव्या घालायच्या तर पोलाद, वेल्डर, क्रेन आणि गोदीचे वाढीव दिवस.

रात्री ७.४५
अहवाल गेला. चार पानं, दोन चित्रं, एक तक्ता. तक्त्यात प्रत्येक ठोकळ्याची जागा फ्रेमच्या आकड्याने दिलेली, कारण वेल्डरला रंगीत चित्राचा उपयोग नाही. त्याला फ्रेमचा आकडा आणि खडूची खूण लागते. सुपरिंटेंडेंटचं उत्तर दहा मिनिटांत आलं. अठ्ठावीस तुमच्या नकाशाप्रमाणे लावतो. टांगायच्या चारांचं मालकांशी बोलून सांगतो.

रात्री ८.४०
डोंबिवली लोकल. आता खिडकी मिळाली. तिच्या नखांत अजून लाल चिखल आहे. मिस्त्रींचा मेसेज आला. वेल्डर उद्या साडेसातला लागेल. वेल्डिंग झालं की प्रत्येक झिंकावर टेप लावून मगच रंगाऱ्यांना सोडतो. रंगाऱ्यांना मी स्वतः सांगणार.

टेप काढायची राहिली तरीही झिंक मेलेलाच. म्हणून शुक्रवारी संध्याकाळी, गोदीत पाणी घेण्याआधी, ती पुन्हा खाली उतरणार आहे. निघालेल्या टेपा मोजायला. अठ्ठावीस.